युरोपियमची पन्हळ

दोन वर्षांपूर्वी ताईला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी नर्सने बाळाची टाच टोचली आणि जाड फिल्टर पेपरच्या कार्डावर छापलेल्या गोलांमध्ये रक्ताचे चार-पाच थेंब भरून घेतले. कार्ड वाळलं, पाकिटात गेलं, आम्ही ते विसरलो. पेढे वाटण्यात आणि नावावरून भांडण्यात आठवडा गेला आणि मग फोन आला. बाळाचं टीएसएच जास्त दिसतंय, उद्या सकाळी घेऊन या, या वेळी शिरेतून रक्त घेऊ.

भावोजींनी रिपोर्टचं पीडीएफ मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. 'तू बघ जरा', एवढंच लिहिलं होतं. घरात कोणी इंजिनिअर असला की त्याला इन्कम टॅक्सपासून ईसीजीपर्यंत सगळं कळतं, असा आपल्याकडे समज आहे.

टीएसएच म्हणजे थायरॉइडला 'काम कर' असं सांगणारं मेंदूतून येणारं हार्मोन. थायरॉइड काम करत नसेल तर मेंदू जास्त ओरडतो, म्हणून टीएसएच वाढतं. आपल्याकडे साधारण हजार-दीड हजार बाळांत एकाला जन्मतःच हा त्रास असतो. बाळ दिसायला अगदी ठणठणीत असतं. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर ते इतर मुलांसारखंच वाढतं. काही महिने उशीर झाला तर बुद्धीच्या वाढीचं जे नुकसान होतं ते नंतर कितीही गोळ्या दिल्या तरी भरून येत नाही.

मी सॉफ्टवेअरवाला. डॅशबोर्डवर आकडा लाल झाला की आमचा पहिला संशय आकड्यावर नसतो, आकडा मोजणाऱ्यावर असतो. त्या रात्री माझंही तेच झालं. कार्डातून तीन मिलिमीटरची टिकली कापतात. तिच्यात साधारण तीन मायक्रोलीटर रक्त असतं, तेही आठवडाभर कागदात वाळलेलं. टीएसएच रक्ताच्या एका मिलीलीटरमध्ये नॅनोग्रॅमच्या घरात असतं. एवढ्याशा टिकलीतून एवढंसं काहीतरी मोजणारं यंत्र चुकत नसेल कशावरून? रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरांत पद्धतीचं नाव होतं: टाइम-रिझॉल्व्ड फ्लुरोइम्युनोअसे, युरोपियम. शेवटचा शब्द मी बारावीनंतर पहिल्यांदाच वाचत होतो. आवर्त सारणीच्या खाली दोन ओळी वेगळ्या काढून ठेवलेल्या असतात ना, 'परीक्षेला येत नाहीत' म्हणून सर ज्या सोडून देतात, त्यातल्या वरच्या ओळीतलं हे मूलद्रव्य. त्या रात्री सुरू झालेलं वाचन पुढे बरेच महिने चाललं. हा लेख त्यातूनच आला आहे.

त्या वरच्या ओळीला लँथनाइड म्हणतात. बोलीत 'रेअर अर्थ', पण ही सगळीच काही दुर्मिळ नाहीत. युरोपियम पृथ्वीच्या कवचात चांदीपेक्षा जास्त आहे. अडचण वेगळी होती. ही मूलद्रव्यं एकाच खनिजात एकमेकांना चिकटून राहतात आणि रासायनिक वागणं जुळ्या भावंडांसारखं, त्यामुळे वेगळी काढता काढता रसायनशास्त्रज्ञांची आयुष्यं गेली. १९११ साली अमेरिकेत चार्ल्स जेम्स यांनी शुद्ध थुलियम मिळवण्यासाठी स्फटिक करणं आणि पुन्हा विरघळवणं हा उद्योग सुमारे १५,००० वेळा केला. युरोपियम शोधलं ते पॅरिसच्या यूजेन देमार्से यांनी. रंगपटातल्या रेषा वाचण्यात ते इतके तरबेज होते की १८९८ मध्ये क्युरी दांपत्याला रेडियम सापडलं तेव्हा त्याच्या रेषेची खात्री करून द्यायला ते देमार्सेंकडेच गेले. त्यांचा एक डोळा प्रयोगशाळेतल्या स्फोटात गेलेला होता, उरलेल्या एका डोळ्याने हे सगळं. समॅरियमच्या नमुन्यांत काही रेषा उपऱ्या आहेत हा संशय त्यांना १८९६ मध्ये आला आणि १९०१ मध्ये त्यांनी ते मूलद्रव्य वेगळं काढून दाखवलं.

या रेषा महत्त्वाच्या आहेत. बहुतेक रंगीत पदार्थांचा रंगपट म्हणजे पसरट डोंगर. लँथनाइडचा रंगपट मात्र सुईसारख्या बारीक रेषांचा, पदार्थ पाण्यात विरघळलेला असला तरी. कारण इलेक्ट्रॉनच्या घरात आहे. जुन्या वाड्याची रचना आठवा: बाहेर पडवी, मग ओसरी, आत माजघर. लँथनाइडचे ज्यांच्यामुळे वेगळेपण येतं ते ४एफ इलेक्ट्रॉन माजघरात राहतात. ओसरी-पडवीवर ५एस आणि ५पी इलेक्ट्रॉन बसलेले. बाहेर रस्त्यावर काय गोंगाट चाललाय, शेजारी पाणी आहे की अल्कोहोल, याची माजघरात फारशी खबर पोहोचत नाही. म्हणून या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या पायऱ्या कुठेही गेलात तरी जवळपास तिथल्या तिथेच. युरोपियम लाल उजेड देणार तो ६१५ नॅनोमीटरच्या आसपासच, टर्बियम हिरवा देणार तो ५४५ च्या आसपास.

पण माजघरातल्यांची एक अडचण असते, त्यांना बाहेरचं ऊनही मिळत नाही. ४एफ मधून ४एफ मध्येच उडी मारायला पुंज यांत्रिकीचा एक नियम आडवा येतो. ओटो लापोर्ट या भौतिकशास्त्रज्ञाच्या नावाने तो ओळखला जातो. नियम अगदी शंभर टक्के पाळला जात नाही, पण इतका पाळला जातो की युरोपियमच्या क्षाराच्या द्रावणावर दिवा मारला तर बहुतेक प्रकाश आरपार निघून जातो. साधे सेंद्रिय रेणू युरोपियमच्या दहा हजारपट, कधी त्याहूनही जास्त प्रकाश शोषतात. म्हणजे युरोपियम हा असा दिवा आहे की ज्याचा उजेड अतिशय शुद्ध, पण त्याला वीजच पोहोचत नाही.

इथे सॅम्युअल वाइसमन येतात. शिकागोत पीएच.डी. करून ते बर्कलीला गिल्बर्ट लुईस यांच्या प्रयोगशाळेत आले होते. लुईस म्हणजे तेच, ज्यांचे ठिपके आपण अकरावीत रेणूभोवती काढतो. १९४२ मध्ये 'जर्नल ऑफ केमिकल फिजिक्स'मध्ये वाइसमन यांचा चार पानांचा लेख आला. तेव्हा त्यांचं वय तिशीच्या आसपास, म्हणजे माझ्याहून थोडंसंच जास्त. त्यांनी युरोपियमला सेंद्रिय रेणूंच्या मिठीत घातलं. एक सॅलिसिलअल्डिहाइड होतं, एक बेन्झॉइलअ‍ॅसिटोन, एक डायबेन्झॉइलमीथेन. धातूला असं धरून ठेवणाऱ्या रेणूला लिगँड म्हणतात. मग त्यांनी अशा रंगाचा प्रकाश टाकला जो युरोपियम जवळजवळ घेतच नाही, पण लिगँड अधाशासारखा घेतो. आणि बाहेर आला तो युरोपियमचा लाल उजेड, त्याच बारीक रेषांचा.

प्रकाश एकाने खाल्ला, ढेकर दुसऱ्याने दिला. मधल्या मध्ये रेणूच्या आतल्या आतच ऊर्जा एका हातातून दुसऱ्या हातात गेली होती, आणि लेखाच्या शीर्षकातच त्यांनी हे म्हटलं. वेगवेगळे लिगँड, वेगवेगळे द्रावक, वेगवेगळं तापमान घेतलं की उजेड कमी-जास्त होतो, हेही त्यांनी नोंदवलं.

मला हे समजलं ते पन्हळीवरून. पावसात अंगणात नुसती बाटली उभी करून ठेवली तर रात्रभरात तळ ओला होईल फार तर. तिचं तोंडच केवढंसं. तीच बाटली पत्र्याच्या पन्हळीखाली ठेवा, पाच मिनिटांत वाहून जाईल. पाऊस तेवढाच, बाटलीचं तोंडही तेवढंच, फक्त आता अख्खं छप्पर तिच्यासाठी पाणी गोळा करतंय. लिगँड हे छप्पर आहे. शास्त्रज्ञ याला 'अँटेना इफेक्ट' म्हणतात. पण अँटेना म्हटलं की माझ्या पिढीला मोबाइलमध्ये दडलेलं काहीतरी आठवतं, डोळ्यांना काही दिसत नाही. मी पन्हळच म्हणतो.

फक्त पाणी छपरावरून बाटलीत उतरतं कसं, ते १९४२ मध्ये वाइसमन यांना सांगता येणार नव्हतं, कारण मधला जिना अजून सापडलेला नव्हता. सेंद्रिय रेणूने प्रकाश घेतला की तो आधी एका वरच्या पायरीवर जातो आणि तिथून साधारण काही नॅनोसेकंदांत खाली येतो. पण काही रेणू थंडीत गोठवले तर दिवा बंद केल्यावरही सेकंद-दोन सेकंद चमकत राहतात. ही ऊर्जा मधल्या कुठल्या तरी पायरीवर अडकून बसते हे लुईस यांच्या प्रयोगशाळेत माहीत होतं. ती पायरी म्हणजे 'ट्रिप्लेट' अवस्था, हे लुईस आणि त्यांचे विद्यार्थी मायकेल काशा यांनी १९४४ मध्ये मांडलं. दोन इलेक्ट्रॉनचे स्पिन एकमेकांच्या उलट असण्याऐवजी एकाच दिशेला झालेले असतात, म्हणून परत खाली उतरणं अवघड होतं. तिकडे लेनिनग्राडच्या परंपरेतले तेरेनिनही युद्धाच्या धामधुमीत त्याच निष्कर्षाला पोहोचले होते. बऱ्याच जणांना हे पटलं नाही. शिकागोत हचिसन आणि मँगम यांनी १९५८ मध्ये ईएसआर या चुंबकीय तंत्राने ट्रिप्लेटमधल्या त्या दोन एकट्या इलेक्ट्रॉनचा थेट माग काढला, तेव्हा वाद मिटला.

म्हणजे ज्या इमारतीत पन्हळ सापडली, त्याच इमारतीत दोन वर्षांनी जिना सापडला. पण तोवर वाइसमन तिथे नव्हते. ते लॉस अलामोसला अणुबॉम्बच्या कामावर गेले होते. युद्ध संपल्यावर तिथल्या सहा रसायनशास्त्रज्ञांची टोळीच्या टोळी जोसेफ केनेडी यांच्याबरोबर सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात गेली. त्यात वाइसमन होते. तिथे त्यांनी पुढचं आयुष्य ज्या तंत्रात घालवलं आणि नाव कमावलं ते तंत्र म्हणजे ईएसआर, तेच, ज्याने ट्रिप्लेटचा वाद मिटला. युरोपियमचा तो लेख मागे राहिला. आज तो हजारो लेखांच्या पहिल्या परिच्छेदात उद्धृत होतो. मला राहून राहून वाटतं की त्या लेखाचं काय होणार आहे याचा अंदाज १९४२ मध्ये कोणालाच नसावा. तेव्हा युरोपियम मिळत तरी किती होतं? हर्बर्ट मॅकॉय यांनी १९३० च्या दशकात एक हुशारी शोधली होती. इतर लँथनाइड सहसा तीन इलेक्ट्रॉन सोडतात, युरोपियमला थोडं समजावलं तर ते दोनवर राजी होतं आणि मग बेरियमसारखं वागून सल्फेटच्या रूपात खाली बसतं. त्यामुळे ते थोडंफार तरी मिळू लागलं. बाकीच्या भावंडांना वेगळं करायचं सोपं तंत्र, आयन एक्स्चेंज, फ्रँक स्पेडिंग यांच्या आयोवातल्या गटाने आणि इतरांनी बॉम्बच्याच प्रकल्पाच्या निमित्ताने वाढवलं. १९५० च्या दशकात शुद्ध लँथनाइड बाटल्यांत मिळायला लागले तेव्हा कुठे हा विषय पुन्हा जागा झाला.

१९६१ मध्ये न्यू मेक्सिको विद्यापीठात ग्लेन क्रॉस्बी, व्हॅन आणि अलिरे यांनी पन्हळ आणि जिना एकत्र जोडले. त्यांची युक्ती मला फार आवडली, कारण ती शुद्ध डिबगिंग आहे. लिगँडची ट्रिप्लेट पायरी किती उंचीवर आहे हे मोजायचं, पण युरोपियम जोडलं की ऊर्जा लगेच तिकडे पळते, मग मोजणार काय? त्यांनी युरोपियमच्या जागी गॅडोलिनियम बसवलं. तेही लँथनाइड, आकार-वजन जवळपास तेच, पण त्याची पहिली रिकामी पायरी इतकी उंच की लिगँडची ऊर्जा तिथवर पोहोचूच शकत नाही. आमच्याकडे खऱ्या सर्व्हरच्या जागी 'मॉक' लावतात तसंच. आता द्रव नायट्रोजनच्या थंडीत लिगँड स्वतःच ट्रिप्लेटमधून चमकतो आणि पायरीची उंची वाचता येते.

मग हिशेब जुळायला लागले. युरोपियमची उजेड देणारी पायरी शास्त्रज्ञांच्या एककात साधारण १७,३०० वर आहे, टर्बियमची साधारण २०,५०० वर. डायबेन्झॉइलमीथेनचा ट्रिप्लेट साधारण टर्बियमच्याच उंचीवर येतो. म्हणून या लिगँडमध्ये युरोपियम छान लाल पेटतं आणि टर्बियम जवळजवळ विझलेलंच राहतं, बाटलीत गेलेलं पाणी उलटं छपरावर चढतं. साध्या अ‍ॅसिटिलअ‍ॅसिटोनचा ट्रिप्लेट २५,००० च्या वर आहे, तिथे टर्बियम हिरवंगार चमकतं. छप्पर बाटलीपेक्षा उंच हवं, पण फार उंच असूनही भागत नाही, साधारण दोन-तीन हजारांचा उतार बरा. आजही नवा लिगँड बनवणारा माणूस आधी हीच वजाबाकी करतो. वाइसमन यांना लिगँडनुसार कमी-जास्त उजेड का दिसला होता त्याचं मोठं कारण अखेर १९ वर्षांनी कळलं.

पुढची काही वर्षं या विषयाने भरपूर चैन केली. लेसर नवा होता. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या जनरल टेलिफोन अँड इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत लेम्पिकी आणि सॅमेलसन यांनी युरोपियम बेन्झॉइलअ‍ॅसिटोनेटच्या थंड अल्कोहोल द्रावणातून लेसर काढला, द्रवाचा पहिला लेसर. टिकला नाही. कारण गमतीशीर आहे: छप्पर इतकं कार्यक्षम की सगळा प्रकाश नळीच्या कडेलाच शोषला जायचा, आत अंधार. त्याच प्रयोगशाळेतल्या लेविन आणि पॅलिला यांनी १९६४ मध्ये यट्रियम व्हॅनेडेटमध्ये युरोपियम घालून रंगीत टीव्हीसाठी ठसठशीत लाल पावडर बनवली. तिथे लिगँड नाही, स्फटिकच छपराचं काम करतो. तुमच्या-माझ्या लहानपणीच्या डबा टीव्हीतला लाल रंग याच घराण्यातला. पैसा त्या बाजूला गेला आणि सेंद्रिय लिगँडवाल्यांकडे शोध होता, गिऱ्हाईक नव्हतं.

गिऱ्हाईक आलं ते दवाखान्यातून.

न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या सरकारी रुग्णालयात रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५० च्या दशकाअखेर रेडिओइम्युनोअसे काढली. रक्तातलं इन्सुलिन मोजायचं तर अँटिबॉडी वापरायची, ती नेमकं त्यालाच पकडते. किती पकडलं हे कळावं म्हणून किरणोत्सारी आयोडीनचं लेबल लावायचं आणि किरण मोजायचे. याआधी जे मोजता येईल असं कोणाला वाटलंही नव्हतं ते मोजता यायला लागलं. यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल मिळालं. बर्सन १९७२ मध्येच गेले होते. क्युबेकमध्ये जाँ दुसो यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हेच तंत्र कागदावर वाळलेल्या बाळांच्या रक्ताच्या थेंबांवर वापरलं आणि जन्मतः थायरॉइड नसलेली मुलं आठवड्या-दोन आठवड्यांत हाती लागू लागली. त्याआधी ती लक्षणं दिसल्यावर कळायची, म्हणजे बऱ्याचदा उशीर झाल्यावर.

पण आयोडीन-१२५ चं अर्धं आयुष्य ६० दिवसांचं. किट आज मागवलं तर दोन महिन्यांनी निम्मं मेलेलं. शिवाय परवाने, शिशाची भांडी, कचऱ्याची विल्हेवाट. किरणोत्साराऐवजी चमकणारा रंग का लावत नाही, असं कोणालाही सुचेल. सुचलं होतंच. घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी: रक्त स्वतःच चमकतं. त्यातली प्रथिनं, बिलिरुबिन, चाचणीची प्लॅस्टिकची वाटी, सगळ्यावर अतिनील प्रकाश टाकला की मंद उजेड येतो. दिवाळीत रोषणाई चालू असताना समोरच्या बिल्डिंगमधली एक पणती शोधायची तशी गत.

फिनलंडमधल्या तुर्कू शहरात वालाक नावाची कंपनी होती. तिचा धंदाच किरणोत्सार मोजायची यंत्रं बनवण्याचा. तिथल्या एर्की सोइनी आणि इल्का हेमिला यांनी १९७९ मध्ये 'क्लिनिकल केमिस्ट्री'मध्ये एक मोठा आढावा लिहिला. अडचण उजेड कमी पडण्याची नसून आसपासच्या उजेडाची आहे, आणि यातून लँथनाइड बाहेर काढू शकतील, असा त्याचा रोख. आपल्याच यंत्रांचं गिऱ्हाईक खाणारी गोष्ट आपणच शोधायला बसणं हे कंपन्यांच्या जगात मी तरी फार पाहिलेलं नाही.

त्यांचं उत्तर लापोर्टच्या त्या आडव्या नियमातच होतं. युरोपियमला वर चढायला जो नियम अडवतो, तोच खाली उतरतानाही अडवतो. म्हणून एकदा वर गेलेलं युरोपियम लगेच उजेड देऊन मोकळं होत नाही. रक्त आणि प्लॅस्टिक यांचा उजेड काही नॅनोसेकंदांत विझतो. युरोपियमचा अर्धा मिलिसेकंद आणि त्याहूनही जास्त टिकतो, साधारण लाखपटींचा फरक. मग काय करायचं? दिवा मारा आणि थांबा. दिवाळीची रोषणाई बंद होऊ द्या, पणती तेवत असेलच.

यंत्र नेमकं हेच करतं. एका मायक्रोसेकंदाहून कमी वेळाची झेनॉनची ठिणगी. मग ४०० मायक्रोसेकंद काहीच नाही. मग ४०० मायक्रोसेकंद उजेडाचे कण मोजायचे. मग थोडी विश्रांती, आणि एक मिलिसेकंद पूर्ण झाला की पुन्हा ठिणगी. एका सेकंदात असे हजार फेरे. आम्ही कोडमध्ये बटणाच्या थरथरीतून खरा क्लिक ओळखण्यासाठी मुद्दाम काही मिलिसेकंद थांबतो, त्याला डिबाउन्स म्हणतात. माझ्या भाचीच्या रक्ताचा थेंब मोजताना कोणीतरी हार्डवेअरमध्ये डिबाउन्स लावला होता हे वाचून मला पहाटे दोन वाजता विनाकारण धीर आला.

पण पाण्याचं काय करायचं? युरोपियम पाण्यात सोडलं की त्याच्याभोवती आठ-नऊ पाण्याचे रेणू येऊन बसतात आणि त्यांचं ओएच बंध असलेलं अंग थरथरत युरोपियमची ऊर्जा शोषून घेतं. पाण्यात त्याचा उजेड जेमतेम ११० मायक्रोसेकंद टिकतो. जड पाण्यात ठेवलं तर काही मिलिसेकंद, कारण ड्युटेरियम जड, थरथर मंद. पेन स्टेटच्या विल्यम हॉरॉक्स आणि सडनिक यांनी १९७९ मध्ये या फरकाचं मोजमाप करून दाखवलं: साध्या आणि जड पाण्यातल्या दोन आकड्यांवरून धातूला नेमके किती पाण्याचे रेणू चिकटलेत ते मोजता येतं. शत्रूची अशी शिरगणती झाल्यावर त्याला हाकलणं सोपं.

तुर्कूवाल्यांनी १९८० च्या दशकात जी पद्धत बाजारात आणली, डेल्फिया तिचं नाव, तिच्यात दोन वेगळे लिगँड आहेत. ही त्यातली खरी चलाखी. अँटिबॉडीला युरोपियम बांधायचं तर घट्ट धरणारा लिगँड हवा, पण असा घट्ट धरणारा सहसा चांगलं छप्पर नसतो. चांगलं छप्पर असलेला लिगँड अँटिबॉडीला लावून रक्तात टिकवणं अवघड. मग दोन्ही कामं एकाकडून करून घेण्याचा हट्टच त्यांनी सोडला. आधी एका मुक्या लिगँडच्या मुठीत युरोपियम अँटिबॉडीबरोबर जातं. टीएसएच पकडलं जातं, उरलेलं धुऊन टाकतात. मग वाटीत एक आम्लधर्मी द्रावण ओततात. मूठ सुटते. द्रावणात आधीच तयार असलेला नॅफ्थॉइलट्रायफ्लुरोअ‍ॅसिटोन, म्हणजे वाइसमन यांच्या बेन्झॉइलअ‍ॅसिटोनचा सख्खा चुलत भाऊ, सुटलेल्या युरोपियमला धरतो. सोबत ट्रायऑक्टिलफॉस्फिन ऑक्साइड नावाचा तेलकट रेणू उरलेल्या पाण्याला ढकलून देतो आणि साबणासारख्या ट्रायटनचे बुडबुडे हे सगळं आपल्या पोटात घेऊन बाहेरच्या पाण्यापासून जपतात. ३४० नॅनोमीटरचा प्रकाश आत, ६१५ चा लाल बाहेर. १९४२ चा लेख एका वाटीत.

ताकद इतकी की उलटाच त्रास होतो. टेबलावर सांडलेलं, पिपेटला लागलेलं किंचितसं युरोपियमही आकडा फुगवू शकतं, म्हणून हे काम करणारे तंत्रज्ञ त्या बाटल्यांच्या बाबतीत सोवळं पाळतात. त्या रात्री मी हे वाक्य दोनदा वाचलं. म्हणजे चूक होऊ शकते. म्हणून तर पहिल्या आकड्यावर कोणी औषध सुरू करत नाही, शिरेतून रक्त घेऊन पुन्हा बघतात.

ज्याँ-मारी लेन यांनी १९८७ मध्ये, म्हणजे त्यांना नोबेल मिळालं त्याच वर्षी, बायपिरिडीनचा पिंजरा बनवून त्यात युरोपियम कोंडलं. घट्ट धरणं आणि छप्पर होणं ही दोन्ही कामं एकाच रेणूत. फ्रान्समध्ये जेरार मथिस यांनी त्यावरून धुवायची गरजच नसलेली चाचणी उभी केली, औषध कंपन्या ती आजही वापरतात. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

एक जोड मात्र इथेच द्यायला हवी. गेल्या वर्षी कामानिमित्त ॲमस्टरडॅमला होतो. परतताना खिशात पाच युरोची एक नोट उरली. घरी आल्यावर नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली धरली तर तिच्यावर लाल ठिपके पेटले. २००२ मध्ये नोटा नव्या असताना नेदरलंड्समधल्या उट्रेख्टच्या सुइव्हर आणि मायरिंक यांनी त्या उजेडाचा रंगपट घेतला आणि लाल रंग युरोपियमचा आहे, बहुधा अशाच डायकीटोन लिगँडमधल्या, असं लिहिलं. मध्यवर्ती बँक अर्थातच नोटेतली शाई जाहीर करत नाही. युरोपच्या नावाचं मूलद्रव्य युरोपच्या चलनात घालताना कोणाला तरी हसू आलं असणार.

शिरेतल्या रक्ताचा रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आला. वेगळी लॅब, वेगळं यंत्र. टीएसएच पुन्हा जास्त, थायरॉक्सिन कमी. युरोपियमचं बरोबर होतं. डॉक्टरीणबाईंनी ताईला समोर बसवून सांगितलं, रोज सकाळी एक गोळी, चमच्यात आईच्या दुधात चुरून, न चुकता. भाची तेव्हा १३ दिवसांची होती. ताई रडली. मग विचारलं, गोळी कडू असते का?

गोव्याने २००८ मध्ये सरकारी रुग्णालयांत जन्मलेल्या बाळांची अशी तपासणी सुरू केली होती, केरळही करतं. पण देशभरात प्रत्येक बाळाची टाच टोचली जाईल अशी व्यवस्था अजून नाही. ताईच्या हॉस्पिटलमध्ये ते कार्ड पॅकेजमध्ये होतं म्हणून भरलं गेलं. फॉर्मवर सही करताना भावोजींनी विचारलंही होतं, हे नाही केलं तर चालेल का, किती पैसे वाचतील?

भाची आता दोन वर्षांची आहे. परवा व्हिडिओ कॉलवर तिने मला स्वतःहून सांगितलं, मामा, गोळी खाल्ली. मग तोंड उघडून जीभ दाखवली.